चार दिवस तुटलेली वायर

आमच्या राहू गावच्या केबलवर मी अकरा वर्षं निवेदक होतो. वर जाकीट, खाली लुंगी. कॅमेरा कमरेखाली कधी उतरला नाही, म्हणून गावात माझी इज्जत राहिली. फुलांचे भाव, उरूस, गणपतीची मिरवणूक, शाळेचं गॅदरिंग, सगळं मी अशा थाटात सांगायचो की दिल्लीवाल्यांनी लाजावं.

चॅनल मामांचा. मामा म्हणजे आमचे केबलवाले. गावातल्या जुन्या मुसलमान घरातले, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. प्रेक्षक किती हे कळायला त्यांच्याकडे एकच साधन होतं, उसाची ट्रॉली. कारखाना सुरू झाला की उंच भरलेली एखादी ट्रॉली रस्त्यावरची वायर ओढून तोडायचीच, आणि पाच मिनिटांत मामांचा फोन तापायचा. मालिका अर्धी राहिलेल्या बायका, बातम्या हुकलेले म्हातारे, सगळ्यांच्या शिव्या. मामा फोन माझ्या कानाला लावून म्हणायचे, "ऐका राजं, लोक बघत्यात."

मग टीव्हीच्या मागे खोचायची ती डबी आली. वायर नको, मामा नकोत; इंटरनेटवरून हवं ते बघा. शिक्रापूरला कंपनीत असलेल्या माझ्या लेकीनं मलाही एक आणून दिली. मी ती लावली, आणि मामा दारात दिसले की टीव्हीवर चादर टाकू लागलो.

"टीव्हीला थंडी वाजती का काय?" ते विचारायचे.

"धूळ लई, मामा."

असलं नाटक मला झकास जमतं. खरं सांगतो, मजाही यायची.

गेल्या हंगामात मामा पेपर घेऊन आले. आम्हाला सिग्नल देणारी शहरातली मोठी केबल कंपनी त्या डब्या बनवणारी कंपनीच विकत घेऊ शकते, अशी बातमी होती. मामांनी 'शकते' सोडून बाकी सगळं पाठ केलं होतं.

"म्हंजी डबी आपलीच व्हनार. मग आपला चॅनल डबीत घालत्याल. व्हय का न्हाई?"

राहू नावाचं गाव आहे, हेही त्या कंपनीला ठाऊक नसणार. पण मी हात पसरून म्हणालो, "मामा, माझं जाकीट आता अमेरिकेत दिसणार."

ते खूप हसले. शिरूरचा त्यांचा मुलगा सारखा म्हणत होता, बंद करा आणि माझ्याकडे येऊन राहा. मामांना तेवढंच ठरवायचं होतं. सौदा होईपर्यंत चॅनल ओढायचा, की आत्ताच मिटवून लेकाकडे जायचं.

आठवड्याने ते पुन्हा आले. चहा घेतला. चादरीकडे पाहिलं.

"एक इचारतो. तुमी तरी बघता का आपला चॅनल?"

"रोज," मी म्हणालो. तिथं थांबलो असतो तरी भागलं असतं, पण मला टाळ्यांची सवय. "कालचं शेजारच्या वडगाव रासाईचं भजन तर काय दिसलं, मामा. पेटीवाल्याच्या अंगठीतला खडासुद्धा. चित्र एकदम आरसा."

मामांनी कप बशीत ठेवला.

"चार दिस झालं, ट्रॉलीनं तुमच्या आळीची वायर तोडलीया. मी मुद्दाम जोडली न्हाई. म्हनलं, बघू कोन फोन करतंय."

मी चादरीचं टोक सरळ करू लागलो.

"एकाचाबी आला न्हाई. म्हनलं, बाकीच्यांचं जाऊ द्या. तुमचा यील."

मामांनाच माझी दया आली असावी. उठता उठता ते म्हणाले, "पर भजन खरंच चांगलं झालं व्हतं. मी बघितलं सगळं."

सौद्याचं पुढं काय झालं ते मी वाचलं नाही. पुढच्या रविवारी मामांनी आमच्या आळीतली वायर काढायला घेतली. सत्तरीचा माणूस शिडीवर, आणि शिडी धरायला मी. वायर खाली येत होती, मी तिची वेटोळी करत होतो. समोरच्या घरातल्या वहिनी दारात आल्या, जरा वेळ बघत उभ्या राहिल्या.

"मामा, नवी लाइन टाकताय जनू?"

"व्हय," मामा वरून म्हणाले, आणि माझ्याकडे पक्कड मागितली.