उसवलेली शिवण

शिवणखात्यातल्या मावशींच्या जिवाला सकाळपासून चैन नव्हतं. मशीनवर बसल्या, उठल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा उठल्या. भिंतीवरच्या टीव्हीत यानाचं दार दिसत होतं. थोड्याच वेळात एक अंतराळवीर त्यातून बाहेर येणार होता आणि त्याच्या हातांत मावशींनी शिवलेले हातमोजे होते.

डाव्या मोज्याची एक शिवण वाकडी गेली होती. असं कापड टाकून द्यायचं, हा खात्याचा नियम. पण काम घाईचं होतं. मावशींनी ती शिवण उसवून पुन्हा घातली. सुईची जुनी भोकं तशीच राहिली आणि कुणाच्या लक्षात आली नाहीत.

भोकांचं भय तर त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. कामावर आल्या त्याच दिवशी सुपरवायझरसाहेबांनी सगळ्या बायकांना बजावलं होतं, की वर अवकाशात पोकळी असते, ती सुईएवढ्या भोकातूनही माणसाला खेचून घेते, माणूस फुग्यासारखा फुटतो. तेव्हापासून मावशी घरी उशीचा अभ्रा शिवतानाही श्वास रोखून धरत. नवरा थट्टा करायचा, "उशी कुठे चाललीय, चंद्रावर?"

टीव्हीतलं दार हललं तशा मावशी ताडकन उठल्या. "त्याला थांबवा," त्यांनी सुपरवायझरसाहेबांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली तर जाऊ दे. साहेबांचा चेहरा उतरला. ते त्यांना थेट इंजिनीअरबाईंकडे घेऊन गेले.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मावशी, तुम्ही शिवता ते वरचं कापड. हवा धरतो तो आतला रबरी थर. आणि पोकळी कुणाला ओढत नाही हो, आतली हवाच बाहेर ढकलते. रबराला बारीक भोक पडलं तरी हवा हळूहळू गळते, टाकीतून भरत राहते, अंतराळवीराला परत आत यायला वेळ मिळतो. माणूस फुटतबिटत नाही. उसवलंत ते तेव्हाच सांगायला हवं होतं, ते वेगळं. पण हे फुटायचं डोक्यात कुणी भरवलं?"

मावशींनी साहेबांकडे पाहिलं. साहेब कान खाजवायला लागले.

"धाक नसता तर टाके इतके सरळ आले असते का?" ते म्हणाले.

बाईंच्या खोलीतल्या टीव्हीवर अंतराळवीर बाहेर येऊन हात हलवत होता. मावशींना रडू आलं आणि पाठोपाठ संतापही. इतकी वर्षं त्या झोपेतून दचकून उठत आल्या होत्या.

"आले असते," त्या म्हणाल्या. "आत माणसाचा हात जाणार आहे, एवढंच सांगितलं असतंत तरी आले असते."