मधलं घर

“तो पुसून दे आधी,” बागायतदार म्हणाला.

मी समजले, स्क्रीनवर धूळ असेल. ओढणीने टॅब पुसला आणि पुढे केला. त्याने हात मागे घेतला. तेव्हा कळलं. धूळ नव्हती. मी होते.

त्याने दोनच मिनिटांपूर्वी माझं आडनाव विचारलं होतं.

आमच्या सुपरवायझर सरांनी माझ्या हातातला टॅब घेतला, खिशातल्या रुमालाने पुसला आणि त्याला दिला. सर ओट्यावर खुर्चीत बसले होते. मी खाली, पायरीपाशी उभी. सर माझ्याकडे बघत नव्हते.

घरांच्या उत्पन्नाचा सर्व्हे होता. दर काही वर्षांनी त्याच घरांत जायचं, कमाई विचारायची. मग सगळी घरं गरिबापासून श्रीमंतापर्यंत एका रांगेत लावायची. बरोबर मधे येईल त्या घराची कमाई ती गावाची कमाई. ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं तेव्हा मला आवडलं होतं. सरासरीत एक बागायतदार अख्ख्या वाडीला श्रीमंत करतो. इथे तसं होत नाही, असं वाटलं होतं.

खालची वाडी आमची, बौद्धांची. माझं गाव तिकडे पावस गावाच्या बाजूला, पण वाडी कुठलीही असली तरी आमचीच. तिथली बरीचशी माणसं या बागायतदाराच्याच आंब्याच्या बागेत राबणारी.

“खाली कशाला जाता उन्हाचं?” तो सरांना म्हणाला. “त्यांचं मी सांगतो.”

आणि सांगायला लागला. याचा मुलगा मुंबईला, इतके पाठवतो. तिला रोजची इतकी मजुरी. तेवढी मजुरी रत्नागिरी शहरातसुद्धा कुणी देत नाही. सरांनी टॅब माझ्याकडे दिला. “भर.”

लॉगिन माझं होतं.

मी म्हणाले, “घरी जाऊन विचारावं लागतं.” आवाज इतका बारीक, की दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

तो चिडला नाही. ते जास्त वाईट होतं. शांतपणे म्हणाला, “जा की. वाट बागेतनं आहे. कुत्रे मोकळे असतात.”

सर आले नाहीत.

भर दुपार. आंब्याच्या कलमांखाली गारवा, आणि मला घाम. मागे पाचोळा वाजायला लागला. बागेचा राखण्या येत होता. मी थांबले की तो थांबायचा. एक शब्द बोलला नाही. कुत्रे दिसले नाहीत, पण प्रत्येक झाडाआड ते आहेत असंच वाटत होतं. परत फिरावं, सांगेल ते भरावं, घरी जावं. हेच डोक्यात.

वाडीत तो प्रत्येक दारात माझ्या मागे उभा राहायचा. बायका माझ्या खांद्यावरून त्याच्याकडे बघायच्या. “मालक सांगतील ता लिवा,” म्हणायच्या. दार लावून घ्यायच्या.

शेवटच्या घरात एक बाई काजू फोडत बसली होती. माझ्या आईच्या वयाची. तिनेही त्याच्याकडे बघितलं. मग मला म्हणाली, “मागल्या बारीला मोजायला आल्याला तो वर मालकांकडनंच परत गेला गो. माझ्या चुलीवर काय शिजतं, ता त्यानं मालकांना इचारलान.”

मी टॅबवर तिच्या घराचं पान उघडलं.

“लिव,” ती म्हणाली. आणि खरी मजुरी सांगितली. मालकाने सांगितली त्याच्या निम्मीही नव्हती. बोलताना तिचं काजू फोडणं थांबलं नाही. राखण्याने फोन कानाला लावला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. खालची घरं खोट्या आकड्यांनी मधल्याच्याही वर चढवली, की मधलं घर आपोआप वर सरकतं. कागदावर गाव सुधारत जातं. मागल्या फेरीत सुधारलं, या फेरीतही सुधारणार. आमच्या घरी तरी कोण आलं होतं विचारायला? आम्ही काय खाल्लं ते कुणाकुणाला विचारून लिहिलं?

गाडीपाशी सर म्हणाले, “डिलीट कर. मी भरतो.”

“माझ्या नावाने नाही,” मी म्हणाले. आणि त्यांच्या समोरच पाठवलं.

दुसऱ्या दिवशी माझं लॉगिन बंद. माहिती संशयास्पद म्हणून रद्द केली, असं कळलं. त्या आठवड्यात काजू फोडणाऱ्या त्या बाईचा फोन आला. तिला बागेतल्या कामावरून काढलं होतं. मी रडले. माझ्यामुळे, म्हणाले. ती म्हणाली, “तुझ्यामुळं नाय. मी बोललंय.”

आता रस्त्यावर मागे मोटरसायकल हळू झाली की ती पुढे जाईपर्यंत मी कडेला थांबते. आई म्हणते, सोड. तिलाही भीती वाटते.

उद्या ती बाई आणि मी, आम्ही दोघी जिल्ह्याच्या कचेरीत जाणार आहोत. वाडी पुन्हा मोजा, घरात येऊन मोजा, आणि मजुरीची चौकशी करा, हे सांगायला. ती म्हणाली, “तू निस्ती उभी ऱ्हा, मी बोलतंय.”

मी म्हणाले, नाही. मीही बोलणार. नावं घेऊन बोलणार. सरांचंसुद्धा.