नॅशव्हिलमधला वन्स मोअर

त्या काळात मला एका जागी बसवत नसे. अमेरिकेत, अल्फारेटा गावातल्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी सालं चार आकडी करायची, कारण दोन हजार साल उजाडलं की सगळं कोलमडेल अशी धास्ती सगळ्यांनी घेतली होती. टेबलाखाली माझा पाय सारखा हलत असे. शेजारी बसणारा माणूस त्याला इतका वैतागला की त्याने जागाच बदलून घेतली.

पाय हलायचा तो गाण्याच्या ठेक्यावर. मी कंट्री गाणी, म्हणजे तिथल्या खेड्यापाड्यांतली गिटारवरची गाणी, लिहायचे आणि गायचे. अकोल्याची मुलगी हे कुठे शिकली, असं जो तो विचारी. एमएस करताना घेतलेल्या खटारा गाडीच्या रेडिओवर दुसरं स्टेशन लागतच नसे, बाकी काही नाही. त्या गाण्यांतली माणसं सारखी कुठून तरी निघालेली असत, आणि पोचली तरी तिथे त्यांना करमत नसे. मला ती लगेच आपली वाटली.

गुरुवारी संध्याकाळी मी एका स्टेक हाऊसच्या कोपऱ्यात गायचे आणि लोक मान खाली घालून भाजलेले बटाटे खायचे. शनिवारी गाडी काढून कंट्री गाण्यांची पंढरी असलेलं नॅशव्हिल गाठायचं, तिथे नवख्यांच्या बैठकीत उभं राहायचं आणि परत फिरायचं. आई फोनवर लग्नाचा विषय काढायची तेव्हा मी लाइन खराब असल्याचं सांगायचे.

अशी काही वर्षं गेल्यावर एका बाईंपर्यंत माझी कॅसेट पोचली. मोठ्या गायकांसाठी गाणी निवडणाऱ्या कंपनीत त्या होत्या. त्यांनी कळवलं की येत्या शनिवारी दुपारी नॅशव्हिलच्या त्या बैठकीत येऊन त्या मला समोर बसून ऐकतील, आणि पसंत पडलं तर कंपनीत गाणी लिहायची नोकरी देतील. मग ऑफिस सुटलं असतं. व्हिसाचं काय ते पुढचं पुढे. नवख्याला बैठकीत दोनच गाणी म्हणायला मिळत. पहिलं मी जरा बेतून लिहिलं होतं, ट्रक, हायवे, सोडून गेलेला प्रियकर, सगळा मसाला घालून. दुसरं माझ्या बाबांवर होतं. बाबा अकोल्याच्या एसटी स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारायचे. मूर्तिजापूर, बाळापूर, पातूर, मेहकर. आयुष्यभर लोकांना गाडीत बसवलं, स्वतः कुठेच गेले नाहीत. ती गावं मी तशीच इंग्रजी गाण्यात घातली होती. माझी सगळी मदार त्या दुसऱ्या गाण्यावर होती.

नेमका त्याच आठवड्यात माझ्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. मी ज्यांच्या घरी बेसमेंटमध्ये राहायचे ते काका म्हणाले, मी ड्राइव्ह करतो, तू मागे पडून गळ्याला आराम दे. काका संगीत नाटकांचे वेडे. इथल्या मराठी मंडळाचं नाटक असलं की एक तरी भूमिका त्यांची असायचीच.

बैठकीची जागा म्हणजे एक लहानसं कॅफे. तिथली रीत अशी की गाणं चालू असताना कोणी हूं की चूं करायचं नाही. चमचा वाजला तरी लोक वळून बघत. गाणं संपल्यावरही क्षणभर सगळे गप्प राहत आणि मगच टाळ्या पडत. हे काकांना सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

बाई मागच्या टेबलावर येऊन बसल्या. मी पहिलं गाणं म्हटलं. ते संपल्यावरच्या त्या शांततेत काकांचा नाटकात कमावलेला आवाज घुमला, "वन्स मोअर!"

लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. बैठक चालवणारा म्हणाला, वेळ तुझी आहे, हवं ते गा. वडीलधाऱ्या माणसाने भर सभेत वन्स मोअर दिला तर तो डावलायचा नाही, हे आमच्या हाडात भिनलेलं. माझी बोटं आपोआप त्याच सुरांवर गेली. दुसऱ्या कडव्याला त्या बाई उठल्या, खुर्ची आवाज न करता आत सारली आणि निघून गेल्या. पुन्हा त्यांनी कधी बोलावलं नाही.

परतताना काका भलतेच खुशीत होते. इतका राग आला होता की चालत्या गाडीतून उतरावंसं वाटत होतं. वाटेत चॅटनूगाला पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा त्यांनी सहज विचारलं, तुझं दुसरं गाणं कुठलं होतं गं? मी गिटार काढली आणि पंपाच्या कडेला, गाडीला टेकून, रागारागानेच ते म्हटलं.

काकांनी मान डोलावली नाही की वा म्हटलं नाही. हायवेवरच्या ट्रककडे बघत त्यांनी विचारलं,

"हे तिथे का नाही म्हटलंस?"

"दोनच गाणी असतात, काका. तुम्ही पहिलंच परत मागितलंत."

त्यांना ते समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, तिथे कोणी साधी मानसुद्धा हलवत नव्हतं," ते म्हणाले. "मला वाटलं, गाणं पडलं तुझं. पोरगी एकटी उभी आहे, आपलं कोणीतरी ओरडायला पाहिजे, म्हणून ओरडलो."

आता मी रागावणार तरी कोणावर? काकांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, तू ड्राइव्ह कर, मला नीट दिसत नाहीये. खरं तर रडायची पाळी माझी होती, पण दोघांपैकी एकाला रस्ता दिसायला हवा होता.