दोन किड्यांचा एक किडा

संग्रहालयाच्या तळघरात जिना संपतो तिथे एक लांबट खोली होती. दारावर पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. ठिकाण आलं हे स्पिरिटचा वास दोन पायऱ्या आधीच सांगायचा. आत भिंतभर बरण्या, बरण्यांत समुद्राच्या तळाचे किडे, आणि खिडकीखालच्या टेबलाशी, मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेल्या चिमटेबाई.

हे नाव त्यांना कुणी दिलं ते आता कुणालाच आठवत नाही. घड्याळजीकडे असतो तसला बारीक टोकाचा चिमटा एकतीस वर्षं त्यांच्या उजव्या हातात होता. जहाजं खोल समुद्रातून गाळाची पिंपं आणायची. तो गाळ चाळणीत घालून हलक्या धारेखाली धुवायचा आणि मागे उरेल त्यातून एकेक जीव उचलून वेगळा ठेवायचा, हे बाईंचं काम. काम सोपं वाटतं, पण नाही. हे किडे दोऱ्याएवढे बारीक आणि सायीसारखे मऊ. तीन हजार मीटर खालचा किडा वर येईपर्यंत अखंड राहणं म्हणजे काचेचं भांडं जिन्यावरून गडगडत यावं आणि फुटू नये, तसंच. बहुतेक वेळा डोकं एका कोपऱ्यात मिळायचं, शेपूट दुसऱ्यात, आणि कुठलं डोकं कुठल्या शेपटीचं हे सांगायला नुसता मायक्रोस्कोप पुरत नाही, धीर लागतो.

धीर बाईंकडे भरपूर होता. दिसायला गरीब गाय. कुणी चढ्या आवाजात बोललं तर "बरं" म्हणायच्या आणि पुन्हा डोळा लावायच्या. पण एक राग त्यांनी बावीस वर्षं जपला होता. नमुना जपतात तसाच, दर सहा महिन्यांनी स्पिरिट बदलून.

त्याचं असं झालं होतं. बावीस वर्षांपूर्वी एका पिंपातून त्यांना दोन तुकडे मिळाले. एक डोकं, आणि एक शेपूट. चपटी, चमच्यासारखी, कडेला निळसर. असली शेपूट कुठल्याच पुस्तकात नव्हती. बाईंनी दोन्ही तुकडे एका बरणीत ठेवले, दोन वेगळ्या कागदांवर त्यांची चित्रं काढली आणि वहीत तारीख घालून लिहिलं, "डोकं आणि शेपूट दोन वेगळ्या किड्यांची वाटतात. राठ केसांची ठेवण जुळत नाही. तपासायचं." त्याच दिवशी घरून निरोप आला, आई दवाखान्यात. बाई सोळा दिवस रजेवर गेल्या. परत आल्या तेव्हा बरणी जागेवर नव्हती.

बरणी साहेबांच्या टेबलावर होती. साहेब म्हणजे तेव्हा नुकतेच वरच्या मजल्यावर आलेले शास्त्रज्ञ, हुशार, घाईचे. त्यांनी बाईंची दोन चित्रं कात्रीने कापून एका कागदावर चिकटवली, मधे टिंबांची रेघ मारून "मधला भाग तुटलेला" असं लिहिलं, आणि नवीन किडा म्हणून जगापुढे ठेवला. चित्राच्या कोपऱ्यातली बाईंच्या नावाची अक्षरं कात्रीतच गेली. लेखाच्या शेवटी एक ओळ होती, "प्रयोगशाळेतील मदतनिसांचे आभार." किड्याला त्यांनी तेव्हाच्या संचालकांचं नाव दिलं आणि पुढच्या वर्षी विभागप्रमुख झाले.

या धंद्यात एक रीत आहे. किड्याच्या नावामागे, ज्याने त्याचं पहिलं वर्णन केलं त्याचं नाव लागतं, आणि मग ते कायमचं. माणूस जातो, किड्यामागचं नाव राहतं. बाईंची तेवढीच एक इच्छा होती आणि तीच साहेबांनी कात्रीने कापली होती.

"अगं, मग वर जाऊन सांग ना, की तुमचं चुकलंय म्हणून," त्यांचा नवरा तेव्हा म्हणाला होता. त्याचं शिवणकामाचं दुकान होतं.

"नाही सांगणार."

"का?"

"चढू दे त्यांना आधी. कमी उंचीवरून पडलं तर लागत नाही."

नवरा हातातली सुई तशीच धरून बायकोकडे बघत राहिला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. ही बाई तो पहिल्यांदाच पाहत होता. मग म्हणाला, "मी एखाद्या सदऱ्याला दुसऱ्याची बाही लावली, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं राहतं. तुमच्याकडे कुणी घालून बघत नाही का?"

"तीन हजार मीटर खाली कोण जातंय घालून बघायला?"

आणि खरंच कुणी पाहिलं नाही. साहेब चढत गेले. त्या चित्राची मोठी प्रत जिन्यात लागली. बाई रोज तिच्यासमोरून जायच्या आणि आसपास कुणी नसलं की शेपटीकडे बघून हळूच विचारायच्या, "तू कुणाची गं?"

एकदाच त्यांचा निश्चय डळमळला. दुसऱ्या गावच्या एका संशोधक मुलीचं पत्र आलं. ती साहेबांचं चित्र समोर ठेवून तोच किडा शोधत होती आणि तिला असलं डोकं असलेले किडे मिळत होते, पण शेपूट कधीच तशी मिळत नव्हती. "माझ्याच हातून काही चुकतंय का?" असं तिने विचारलं होतं. बाईंनी चार दिवस पत्र पर्समध्ये ठेवलं. मग उत्तर लिहिलं, "आमच्याकडे तो एकच नमुना आहे." ते खोटं नव्हतं. मुलीने चार वर्षं घालवली आणि तो विषयच सोडला. बाईंना हे कळलं त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी जिन्यातल्या चित्राकडे पाहिल्यावर राग पुन्हा जागेवर आला.

बाईंच्या निवृत्तीला सात महिने उरले असताना नव्या जहाजाने गाळ आणला. या वेळी गाळ ओरबाडून आणला नव्हता, वडीसारखा कापून, पेटीत बसवून, अलगद आणला होता. बाई तो धूत होत्या आणि चाळणीवर एक किडा राहिला, नखाएवढा, अख्खा. मायक्रोस्कोपखाली धरला. चमच्यासारखी शेपूट, निळसर कडा. आणि पुढे, तिच्या हक्काचं, अगदी वेगळंच डोकं.

बाई उठल्या. पाणी प्यायल्या. पुन्हा बसल्या आणि पुन्हा पाहिलं. मग त्यांनी गेली पंधरा वर्षं केलं नव्हतं ते केलं: कामाच्या वेळात जिना चढून वर गेल्या.

साहेब निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्या खोलीत आता नवी मॅडम बसायची, बाईंच्या लेकीच्या वयाची. तिने खाली येऊन तासभर पाहिलं. जुनी बरणी काढली, बाईंची वही वाचली.

"ताई, म्हणजे साहेबांचा किडा मुळात किडाच नाही?"

"दोन आहेत. डोकं एका साध्या किड्याचं, ऐंशी वर्षांपूर्वीच कुणीतरी नाव दिलंय त्याला. शेपूट या बयेची."

मॅडम जरा वेळ वहीवरच्या तारखेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "लेख तुम्ही लिहायचा. पहिलं नाव तुमचं. मी मागे."

पुढचे तीन महिने बाईंनी असे काढले की पाहणाऱ्याला वाटावं, ही बाई प्रेमात पडलीय. केसांचे गुच्छ मोजले, जबड्याचे दात मोजले, सगळी चित्रं स्वतः काढली आणि कोपऱ्यात अक्षरं अशी घातली की कापायची तर किडाच कापावा लागेल.

"नाव काय द्यायचं?" मॅडमने विचारलं. "साहेबांचंच द्या की! तोंड बघा याचं, शोभेल."

बाई खूप दिवसांनी मोकळ्या हसल्या. "छे. नाव दिलं की माणूस अमर होतो. मी कशाला त्यांना ते पुण्य देऊ?" त्यांनी किड्याला नाव दिलं ते फक्त 'अखंड' या अर्थाचं.

मात्र एक निर्णय उरला होता. जुन्या नावाचं करायचं काय? एका नावाखाली दोन प्राणी निघाले, तर ते नाव कुठल्या तुकड्याला चिकटवायचं हे चूक शोधणारा ठरवतो. शेपटीला दिलं, तर साहेबांचं नाव या नव्या किड्यामागे जगणार आणि बाईंच्या हाती नुसती दुरुस्ती. डोक्याला दिलं, तर ते डोकं आधीच दुसऱ्याच्या नावाचं, म्हणजे साहेबांचं नाव तिथेच मेलं. बाईंनी "डोक्याला" असं लिहिलं.

लेख पाठवताना मासिकवाले विचारतात, हा तपासायला कुणाकडे देऊ? जाणकारांची तीन नावं सुचवा. बाईंनी पहिलं नाव साहेबांचं घातलं.

"ताई!" मॅडम म्हणाली.

"जाणकार आहेत ना ते? जगात आपल्यासारखी चार माणसं. त्यांनीच वाचावं. पहिल्यांदा त्यांनीच."

परीक्षकाने लेखकाला भेटायचं नसतं. पण तीन आठवड्यांनी सकाळी जिन्यावर काठीचा आवाज आला. साहेब एकटेच आले होते. थकलेले, गळपट्टा नीट बांधलेला.

"बाई, दाखवा," एवढंच म्हणाले.

बाईंनी खुर्ची दिली. साहेबांची नजर कमी झाली होती. भिंग त्यांच्या डोळ्याला जुळवून देणं बाईंनाच भाग पडलं. आधी नवा किडा, मग जुनी बरणी. साहेब बराच वेळ वाकून राहिले. बाई त्यांच्या मानेकडे पाहत उभ्या होत्या. या क्षणाची त्यांनी इतक्यांदा कल्पना केली होती की आता तो समोर घडताना त्यांना त्यात कुठे काही कमी पडू द्यायचं नव्हतं.

"खरंय," साहेब म्हणाले. "केस जुळतच नाहीत. मला कसं दिसलं नाही?"

"घाई होती तुम्हाला."

"होती." मग म्हणाले, "तुम्हाला केव्हा दिसलं?"

बाईंनी वही पुढे केली. साहेबांनी ती डोळ्यांजवळ धरून तारीख वाचली. पुन्हा वाचली.

"म्हणजे माझा लेख छापायच्या आधी?"

"हो."

"बावीस वर्षं! आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. बरणी नेतानाही नाही, कात्री चालवतानाही नाही."

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बाई, माझ्या नावावर सगळं मिळून हा एकच किडा आहे. बाकीचं आयुष्य बैठकांत गेलं. नाव शेपटीला दिलंत, तरी नियमात बसतं."

"बसतं की."

"मग?"

"डोक्याला दिलं तरी बसतं."

साहेब उठले. जिन्याकडे जाताना त्यांचा तोल गेला तेव्हा बाईंनी कोपराला धरून त्यांना सावरलं, आणि कठड्यापर्यंत पोचवून हात लगेच काढून घेतला. त्या दिवशी त्यांनी घरी दोन घास जास्त खाल्ले. नवऱ्याने कारण विचारलं नाही. बायकोचा चेहराच सांगत होता.

परीक्षण आठ दिवसांनी आलं. नाव गुप्त होतं, पण लिहिण्याची ढब बाईंच्या ओळखीची. "काम निर्दोष आहे. जुनं नाव डोक्याला देण्याचा निर्णय योग्य. लेख छापावा." आणि खाली एकच सूचना: "जुन्या वर्णनातली चूक प्रथम लेखिकेच्या लक्षात कधी आली, ती तारीख लेखात नोंदवावी."

मॅडमने ते मोठ्याने वाचलं आणि थांबली. "ताई, यांनी तर तुमचंच शस्त्र तुमच्यावर फिरवलं."

बाईंनी परीक्षणाचा कागद तिच्या हातातून घेतला. म्हातारा वाटला होता तेवढा थकलेला नव्हता.

"आपण नाही लिहिलं तरी चालेल," मॅडम म्हणाली. "सूचना आहे, सक्ती नाही. या वर्षीची तारीख घाला. अखंड किडा आत्ताच तर मिळालाय, खात्री आत्ताच झाली. खोटंही नाही ते."

खोटं नाही. हे शब्द बाईंनी एकदा वापरले होते, एका मुलीला उत्तर देताना. ती आता कुठल्याशा शाळेत शिकवते एवढंच त्यांना ठाऊक होतं. लेख तिच्या हाती पडेल किंवा नाही. पडला, तर ती तारीख वाचेल, बोटांवर वर्षं मोजेल, आणि तिला कळेल की चूक तिच्या हातून होत नव्हती. हेही कळेल की ते माहीत असलेलं माणूस गप्प बसलं होतं. साहेबांना हे सगळं ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी फक्त नेम धरला होता, आणि तो आंधळेपणी लागला.

त्यांनी चष्मा पुसला. मग वही उघडून मॅडमच्या पुढ्यात ठेवली. "घाला तीच तारीख. आणि पुढे लिहा, 'प्रथम लेखिकेने ही चूक त्या वेळी कुणालाही कळवली नाही.'"

"ताई, लोक तुम्हाला नावं ठेवतील."

"ठेवू दे. एकाचं नाव मी पुसलं, तेव्हा एवढं तर होणारच."

मॅडमने टंकलं. मग थोडं थांबून विचारलं, "का नाही कळवली, ते लिहायचं?"

"त्यांनी तारीख विचारलीय," चिमटेबाई म्हणाल्या, "कारण नाही विचारलं." आणि धुवायचा राहिलेला गाळ घेऊन त्या नळाकडे गेल्या.