ग्लासावरची चकती

रविवारी दुपारी सिडनीतल्या हॅरिस पार्कच्या किराणा दुकानाबाहेर मास्क लावून रांगेत उभी होते, तेव्हा केलीव्हिल उपनगरातून निखिलचा फोन आला. "संदेश गेला गं... काल रात्री, कामावरच. हार्ट." पुढची बाई सरकली, तशी मीही सरकले. त्या दिवशी काय घेऊन घरी आले, आठवत नाही.

संदेश नागपूरचा. दूर उत्तरेला डार्विनच्या एका हॉस्पिटलात यंत्रं दुरुस्त करायचा. आम्हा तिघांची ओळख सिडनीतल्या युनिव्हर्सिटीतली. माझे वडील दारूबंदी चळवळीतले. पत्रकांच्या घड्या घालतच मी वाढले, म्हणून संदेश मला 'पत्रकबाई' म्हणायचा. महामारीच्या आदल्या वर्षी त्याने जर्मनीतल्या कोलोनची बिअर बघायला जायची टूम काढली, तेव्हा मी भांडलेच. "दारूने किती घरं मोडली, ठाऊक आहे ना?"

"आहे. माझ्या काकाचं मोडलं. म्हणूनच बघायचंय, हे लोक पिऊन वेळेवर उठतात कसे. तू पिऊ नकोस, मेट. प्रश्न विचारायला चल."

प्रश्न विचारायला गेले.

कोलोनच्या एका जुन्या बिअरखान्यात ग्लास उभट, चिंचोळे. "एवढासा का?" संदेशने लगेच विचारलं. "मोठ्यात तळाची कोमट होते," वेटर म्हणाला. संदेशने ग्लास संपवला, तर न मागता दुसरा आला. तो संपवला, तर तिसरा... निखिल हसून बेजार. "अरे, नको म्हण ना!" संदेश कळवळून म्हणाला, "माणूस एवढा आग्रह करतोय, नको कसं म्हणू?" अखेर शेजारच्या टेबलावरचे आजोबा उठले आणि त्यांनी ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती त्याच्या रिकाम्या ग्लासावर ठेवली. वेटर मान डोलावून निघून गेला.

संदेशने टेबलावर थाप मारली. "अरे, हा तर पंगतीत ताटावर आडवा धरलेला हात!" मग कितीतरी वेळ तो आजूबाजूची टेबलं न्याहाळत बसला, कोण कधी चकती ठेवतं ते. "पत्रकबाई, इथे 'पुरे' म्हणणं पिणाऱ्यावर सोडलंय. काकाला हे कुणी शिकवलंच नाही."

"व्यसन चकतीने थांबत नाही, संदेश."

"नसेल थांबत. विचारायला काय हरकत आहे?"

येताना आम्ही एकेक चकती घेऊन आलो. पुढे लॉकडाउनमध्ये दर शनिवारी संध्याकाळी संदेशचा आणि माझा व्हिडिओ कॉल. त्याची एकच बिअर, माझी बिनदारूची जिंजर बिअर. बाय म्हणायचं नाही. बोलणं संपलं की दोघांनी आपापल्या ग्लासावर चकती ठेवायची. त्या शेवटच्या शनिवारी मात्र त्याने बाटली उघडून ग्लास भरला आणि पहिल्या घोटाआधीच हॉस्पिटलचा फोन वाजला. "व्हेंटिलेटर अडलंय. आलोच गं," म्हणाला आणि भरला ग्लास तसाच ठेवून उठला.

राज्यांच्या सीमा बंद होत्या. माणसं वाचवायची तर त्या बंदच हव्यात, असं मी सोशल मीडियावर ठणकावून लिहिलं होतं. आजही तेच लिहीन. म्हणून संदेशची अंत्यवंदना फोनच्या पडद्यावर पाहिली. एका चौकटीत डार्विन, दुसरीत नागपूरहून हात जोडलेली त्याची आई... आवाज मध्येच तुटत होता. ते संपल्यावर निखिल म्हणाला, "ठेव आता चकती. निरोप तरी नीट दे."

ठेवली नाही. अजूनही शनिवारी जिंजर बिअर ओतते, तेव्हा चकती ग्लासाशेजारीच असते. संदेश 'पुरे' म्हणून उठला नव्हता. 'आलोच' म्हणून उठला होता.