वळचणीचा कप

गवती चहाचा वास आला की चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही माझं डोकं फिरतं.

भावाच्या लग्नाचं आवतण द्यायला मी बाबांबरोबर आमच्या बौद्धवाडीतून गावातल्या एका शेतमालकाकडे गेले होते. "या पाव्हणं, बसा!" म्हणत त्याने आम्हाला अंगणातच बसवलं. त्याच्या बायकोने वळचणीला खोचलेला कानतुटका कप काढून बाबांपुढे ठेवला आणि वरूनच गवती चहा ओतला. चहा पिऊन बाबांनी कप विसळला, पुन्हा वळचणीला खोचला.

वाटेत मी भडकले. "बाबा, पाव्हण्याला कप धुवायला लावतात?"

"तो कप आपल्यासाठीच ठेवलेला हाय गो."

लग्नाला तो मालक आला, आमच्या घरचं पाणीसुद्धा न घेता उभ्याउभ्याच गेला.

अजूनही कुणी "या पाव्हणं" म्हटलं, की मी आधी त्याच्या घराची वळचण बघते.