एकसारखी तीन बटणं

मिलिंदच्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी हिंगणघाटच्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी प्रिंटरच्या भावावरून हुज्जत घालत होतो. "भाऊ, दादा गेला," एवढंच ती म्हणाली. कावीळ अंगावर काढली होती. मला आजारपणही कळलं नव्हतं, कारण आठ महिने आमचं बोलणं बंद होतं. चूक कोणाची, तर मी आजही म्हणेन, त्याची. पण हे ऐकून भांडायला तो नाही…

मी हमाली करून दुकान उभं केलेला माणूस. नाचणगावचा मिलिंद माझ्याकडे दुरुस्तीच्या कामाला आला तेव्हा पगारावरून मी त्याच्याशी दोन तास घासाघीस केली. शेवटी तोच म्हणाला, "शेठ, थकले असान तं बाकीचं उद्या ठरवू." पुढे बारा वर्षं तो माझ्याकडे राहिला.

आसपासच्या जिनिंगांच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यांच्या, ऑफिसांत आम्ही कॉम्प्युटर चालवणारी एक फुकट मिळणारी सिस्टीम टाकून देत असू. जगभरचे हौशी लोक मिळून ती बनवतात. तिच्यात इंटरनेट जोडायच्या तीन वाटा होत्या: तार, वायफाय आणि खोचायचं सिमकार्डवालं डोंगल. वायफायचं बटण पडद्याच्या कोपऱ्यात, सरकवायचं. तारेसाठी सेटिंगमध्ये शिरून चौकटीत खूण करायची. डोंगलची तिसरीच खिडकी. आता कापसाच्या ठिकाणी आगीची धास्ती, त्यामुळे घरी जाताना दिसेल ते बटण बंद करायचं, ही सगळ्यांच्या हातातली शिस्त. एका जिनिंगमधल्या वनिताबाई संध्याकाळी कॉम्प्युटरच्या पडद्यावरची बटणंही शोधून शोधून बंद करीत. सकाळी चालू करताना त्यांना त्यातलं एकच सापडे, तेही नको ते. मग दुकानात फोन, "नेट गेलं!" आणि मिलिंदची गाडी निघे. मी एकदा भडकलो, "त्या बाईले अक्कल नाई का रे?"

"अक्कल आहे, शेठ. घरात पंख्याचं बटण अन् दिव्याचं बटण एकसारखंच असते ना? इथं तिन्हीच्या तीन तऱ्हा. बाईनं काऊन चुकू नये?"

मग तो स्वतःच ते सुधारायला बसला. दोन वर्षं त्या लांबच्या लोकांशी लिहून वाद घालायचा, प्रोग्राम पाठवायचा, त्यांनी परत पाठवला की पुन्हा लिहायचा. तपासायला मला बसवायचा. "तुमच्याएवढं चिडकं गिऱ्हाईक मले कुठं भेटन?" मी चिडलो की तो वहीत काहीतरी टिपून घ्यायचा. अखेर तिन्ही जोडण्या एका खिडकीत, एकाखाली एक आल्या. तिन्हींना एकच सरकतं बटण. मी म्हटलं, आता हे दुकानाच्या नावानं विकू. तर हा सगळं त्या लोकांना देऊन बसलेला.

"काऊन फुकट वाटून राह्यला तू? माझ्या दुकानात बसून केलं ना?"

"जेवणाच्या सुट्टीत केलं, शेठ. अन् सिस्टीम आपल्याले कोणी फुकटच देली ना?"

माझा आवाज चढला. "मग उचल तुही बॅग," मी म्हणालो. त्यानं उचलली. मला वाटलं, दोन दिवसांत येईल. त्यालाही वाटलं असेल, शेठ बोलावतील…

मिलिंद वारल्यानंतर तीन आठवड्यांनी दुकानातल्या मशिनवर सिस्टीमची नवी आवृत्ती आली आणि त्याची खिडकी माझ्यासमोर उघडली. कुठंही त्याचं नाव नव्हतं. मला त्याचा असा राग आला की मी खोट काढायलाच बसलो. तार उपटली, डोंगल लावलं, काढलं, तिन्ही बंद केली, चालू केली. दुपार गेली तेव्हा एक सापडली: डोंगल काढून पुन्हा लावलं की त्याचं बटण आपोआप चालू होत होतं, बाकीची दोन ठेवली तशी राहत होती. "सापडला, लेका!" मी मोठ्यानं म्हणालो आणि फोन हातात घेतला. मिलिंदचा नंबर काढला…

फोन ठेवला आणि त्या लोकांची तक्रार लिहायची जागा शोधून काढली. मिलिंद तक्रार नेहमी तीन ओळींत लिहायचा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. त्यात शिव्या नसायच्या. मी चार वेळा खोडून तशा तीन ओळी लिहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं काम मी भाव न ठरवता केलं. पाठवायच्या आधी पुन्हा वाचलं, आणि दुसऱ्या ओळीतला 'ताबडतोब' हा शब्द काढून टाकला.